अकरावी सायन्स झेपत नाहीये, दिवाळीला घरी काय सांगू?

काटोल तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावीला मराठी माध्यमातून ९१ टक्के. घरी संत्र्याची बाग. नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी नागपूरला आला, गणित सोडून पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) घेतलं, नंदनवन भागात दोन मित्रांसोबत खोली करून राहतो. क्लासची बॅच एप्रिलमध्येच सुरू झाली होती, हा निकाल लागल्यावर जूनमध्ये आला. शेवटच्या टेस्टला ७२० पैकी २५५. त्यात बायोला ३६० पैकी १९६, केमिस्ट्रीला १८० पैकी ४४ आणि फिजिक्सला १८० पैकी १५. २४० मुलांत १८७वा. रात्री दोनपर्यंत जागतो, छातीत धडधडतं, आणि घरून फोन आला की 'ठीक चाललंय' म्हणतो. फीचा पहिला हप्ता भरलाय, दुसरा जानेवारीत आहे. सायन्स सोडून आर्ट्स घेऊ का, म्हणजे एमपीएससीची तयारी होईल, असं त्याने विचारलं आहे. आणि दिवाळीला घरी जाऊन काय सांगू, हेही.

मी नागपुरात २४ वर्षांपासून अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. ऑक्टोबर लागला की दर वर्षी स्टाफरूमच्या दाराशी अशी तीन-चार मुलं येऊन उभी राहतात. कधी उमरेडची, कधी पवनीची, कधी वरुडची. आत यावं की नाही हेच त्यांचं ठरत नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बेटा, तू एक प्रश्न विचारला आहेस, पण त्यात तीन गुंतलेत. फिजिक्स का कळत नाही, हा एक. सायन्स ठेवायचं की सोडायचं, हा दुसरा. घरी खरं कसं सांगायचं, हा तिसरा. आणि 'आर्ट्स घेतो' एवढ्या एका वाक्यात तू तिन्ही उरकू पाहतो आहेस. मला विचारशील तर दुसरा प्रश्न आज सोडवायचाच नाही. त्याला जी माहिती लागते ती आज तुझ्याजवळ नाही आणि माझ्याजवळ तर नाहीच. पहिल्याला सहा आठवडे द्यायचे. तिसरा मात्र याच दिवाळीत मोकळा करायचा, कारण तो अडकून आहे तोवर पहिल्यात तुझं मन लागणार नाही.

आधी त्या १५ मार्कांकडे बघू. टेस्ट नीटच्या धर्तीवर असेल तर फिजिक्सचे ४५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४, चुकीला उणे १. आता हे १५ मार्क दोन अगदी वेगळ्या पोरांना पडू शकतात. एकाने ४५च्या ४५ सोडवले, १२ बरोबर आले, ३३ चुकले. ४८ वजा ३३, राहिले १५. दुसऱ्याने पाचच प्रश्नांना हात लावला, चार बरोबर, एक चूक. १६ वजा १, तेही १५च. पहिल्याने जवळजवळ डोळे मिटून गोल काळे केलेत. चार पर्यायांतून नुसत्या अंदाजाने खुणा केल्या तरी सरासरी ११ मार्क पडतातच. दुसऱ्याला जेवढं आलं तेवढं पक्कं आलं, आणि जे आलं नाही ते त्याने प्रामाणिकपणे सोडून दिलं. रँकच्या यादीत मात्र हे दोघं एकाच रांगेत. तू किती प्रश्न सोडवले होतेस ते लिहिलं नाहीस. रूमवर पेपर असेल तर आजच मोज.

रँकबद्दल एवढंच सांगते की त्या २४० मुलांत आठवी-नववीपासून फाउंडेशन करून आलेली मुलं आहेत. तुझे मार्क वाढले तरी त्यांचेही वाढतात आणि तुझा नंबर तिथेच दिसतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात टेस्टचे निकाल सगळ्यांसमोर जाहीर करू नयेत असं सांगितलेलं आहे. भिंतीवर लागलेल्या यादीने मुलाला आपलं काय चुकतं ते कळत नाही, आपण कितवे आहोत एवढंच कळतं. मला स्वतःला ती पद्धत अजिबात पटत नाही.

आता ज्या गोष्टीवर माझी नजर अडली ती सांगते. बायोला १९६. ज्याला इंग्रजी पुस्तकातून बायोला १९६ पडतात, त्याला वाचता येत नाही, पाठ होत नाही, अभ्यास करता येत नाही असं कोणी म्हणूच शकत नाही. आणि दुसरी गोष्ट तू अगदी जाता जाता लिहिलीस: गणित सोडलं. बेटा, तू गणित सोडलंस, पण फिजिक्सने गणित सोडलेलं नाही.

हे नीट समजून घे, कारण मेडिकलकडे जाणारी निम्मी मुलं इथेच ठेच खातात आणि त्यांना कोणी सांगत नाही. तुझ्या राज्य मंडळाच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात पहिलं प्रकरण एककं आणि मापनाचं आहे, दुसरं गणिती पद्धतींचं. त्यात सदिश आहेत, थोडं कलनशास्त्र आहे, म्हणजे व्हेक्टर आणि कॅल्क्युलस. पुढची जवळपास सगळी प्रकरणं या दुसऱ्या प्रकरणाच्या खांद्यावर उभी आहेत. पीसीएमच्या, म्हणजे बायोऐवजी गणित घेतलेल्या मुलाला हेच गणिताच्या तासाला पुन्हा शिकायला मिळतं. तुला गणिताचा तासच नाही. याला उपयोगी पडणारं तुझं शेवटचं गणित म्हणजे दहावीच्या भाग २ मधलं त्रिकोणमितीचं प्रकरण. आणि क्लासने हे दुसरं प्रकरण एप्रिल-मेमध्ये कधीतरी चार-पाच दिवसांत उरकलं असणार, तेव्हा तू गावी निकालाची वाट पाहत होतास. जूनमध्ये येऊन बसलास तर समोर थेट गतीची समीकरणं. मग सर शिकवतात ते ऐकू येतं, उतरवून घेता येतं, पण एका ओळीवरून दुसरी ओळ कशी आली ते कळत नाही. असंच होतंय ना?

काही वर्षांपूर्वी उमरेडकडची एक मुलगी अशीच ऑक्टोबरात माझ्याकडे आली होती. तिची वही मला अजून आठवते. तीन रंगांचे पेन, पट्टीने आखलेल्या चौकटी, अक्षर मोत्यासारखं. मी पानं उलटत गेले. दर दोन-तीन पानांनी तिने दोन ओळींच्या मध्ये एक रिकामी ओळ सोडलेली. आधी वाटलं सवय असेल. मग लक्षात आलं, जिथे जिथे फळ्यावर कॉस किंवा डीएक्स बाय डीटी आलं होतं, नेमकी तिथेच ती जागा कोरी होती. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "मॅडम, इथं काहीतरी राहिलं असं वाटते, पण काय राहिलं ते समजून नाही राहिलं." पाच महिने ती त्या कोऱ्या ओळी सोडत होती. कोणी विचारलं नाही, आणि तिनेही कोणाला विचारलं नाही, कारण बाकीच्यांना समजतंय असं तिला वाटत होतं.

मी वही मिटली आणि तिला विचारलं, गाळात फसलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, काढताना दोर कसा धरतात? तिने लगेच हात पुढे करून दाखवलं. "समोर. वर धरला तं जोर वाया जाते." किती वाया जातो? "जितका वर धराल तितका जास्त." मग मी कागदावर बंडी काढली, तिरपा दोर काढला, कोन लिहिला आणि सांगितलं, बाळ, साठ अंशांनी वर धरलास तर तुझ्या जोरातला निम्माच समोर लागतो, कारण कॉस साठ म्हणजे एक छेद दोन. हाच तो कॉस, ज्याच्यापाशी तू ओळ कोरी सोडतेस. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. तिला फिजिक्स येत होतंच, ते कागदावर मांडायची भाषा तेवढी येत नव्हती.

तुझंही हेच असेल असं मी छातीठोक म्हणत नाही, तुझी वही मी पाहिलेली नाही. पण ते तुझं तुला तपासता येईल. दिवाळीला घरी जाताना शेवटच्या तीन टेस्टचे फिजिक्सचे पेपर बॅगेत टाक. घड्याळ न लावता, सावकाश, चुकलेला आणि सोडलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा कर. आणि अडलास की समासात एक अक्षर लिही. प्रश्नाचं इंग्रजीच कळलं नाही तर 'भा', म्हणजे भाषा. काय करायचं ते कळलं पण आकडेमोडीत, त्रिकोणमितीत, आलेखात अडलं तर 'ग'. मुळात ती कल्पनाच कळली नसेल तर 'क'. आणि घरी बसून सहज सुटला, पण टेस्टला चुकला असेल तर 'घ', घाई. तीन पेपर म्हणजे १३५ प्रश्न. रोज तीसेक केलेस तरी पाच दिवसांत होतात. उत्तर बघून मग अक्षर ठरवायचं नाही, आधी स्वतः झटायचं. स्वतःला सूट देऊन 'घ' लिहायचा मोह होतो, तोही आवरायचा.

मोजल्यावर जे अक्षर जास्त निघेल तिकडे जायचं. 'ग' जास्त असतील, आणि माझा अंदाज तोच आहे, तर तुझं काम तीन आठवड्यांचं आहे. रोज पाऊण तास, त्याहून जास्त नाही. दहावीचं त्रिकोणमितीचं प्रकरण पुन्हा, उदाहरणांसकट. शून्य, तीस, पंचेचाळीस, साठ, नव्वद अंशांच्या किमती झोपेतून उठवून विचारल्या तरी आल्या पाहिजेत. मग तिरप्या बलाचे दोन भाग करणं. मग आलेखाचा चढ आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ. आणि मग साधं कलन, तेही टी, टी वर्ग, टी घन एवढंच. दहाचे घात आणि लॉग शेवटी. नीटच्या फिजिक्सला गणित याच्यापुढे फार जात नाही. या तीन आठवड्यांत क्लासचं चालू प्रकरण थोडं मागे पडेल. पडू दे. पाया नसताना वर विटा चढवत राहिलास तर मार्चमध्ये सगळंच पुन्हा करावं लागेल.

'भा' जास्त असतील तर एक छोटी वही कर, डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे नववी-दहावीच्या मराठी विज्ञानाच्या पुस्तकातला शब्द. अॅक्सलरेशन म्हणजे तेच आपलं त्वरण, मोमेंटम म्हणजे संवेग, डिस्प्लेसमेंट म्हणजे विस्थापन. तुला हे सगळं येतंय, फक्त जुन्या नावाने येतंय. ती जुनी पुस्तकं रद्दीत गेली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो, पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही छापलेलं असतं. पण अकरावी-बारावीची पुस्तकं आणि क्लासचं सगळं साहित्य इंग्रजीत असताना आज तो निर्णय घेऊ नकोस. शब्दांशी आधी ओळख होऊ दे. 'क' जास्त असतील तर ती जरा लांबची वाट आहे, त्याबद्दल पुढे सांगते. 'घ' जास्त निघाले तर मला आनंदच होईल, पण तुझ्या मार्कांवरून तसं वाटत नाही.

आता तुझी ती रात्र. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी सातला क्लासला बसणारा मुलगा अभ्यास करत नसतो, जागत असतो. तुझ्या घरी संत्री आहेत, म्हणून तुला हे सांगायला सोपं जातं. बहार फुटावा म्हणून झाडाला ताण देतात, पाणी तोडतात. पण किती दिवस तोडायचं ते बाबांना माहीत असतं. हलक्या जमिनीत कमी, भारी जमिनीत जास्त. आणि पानं कोमेजून गळायला लागली की मुदत संपायची वाट न बघता पाणी सोडतात. तुझी पानं कोमेजलीत बेटा. साडेअकराला दिवा बंद. हे दिवाळीनंतर नाही, आजपासून.

आणि छातीतली धडधड अंगावर काढू नकोस. दोन-तीन आठवडे नीट झोपूनही राहिली, जेवण तुटलं, किंवा आपण नसलेलोच बरं असा विचार एकदा जरी मनात आला, तर त्याच दिवशी रूममधल्या मित्राला सांग आणि १४४१६ला फोन कर. हा सरकारचा टेली मानस क्रमांक आहे, मोफत, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत मानसोपचार विभाग आहे, तिथे जाणं म्हणजे वेडं होणं नाही. माझी कितीतरी मुलं तिथे गेली, बरी झाली, पुढे गेली. यात मी अभ्यासाचा विचार मध्ये आणतच नाही. तब्येत आधी.

आता घरचं. 'ठीक चाललंय' म्हणून फोन ठेवून देतोस ना? लपवणाऱ्या मुलाचा फोन दिवसेंदिवस छोटा होत जातो, हे मी फार वेळा पाहिलंय. जूनमध्ये आईला भाजीत काय होतं तेही सांगणारा मुलगा ऑक्टोबरात वीस सेकंदांत फोन ठेवतो. आईला ते कळतं. बाबांनाही कळतं, ते विचारत नाहीत एवढंच. काहीतरी बिनसलंय हे घरी बहुतेक माहीत आहे, काय बिनसलंय ते तेवढं माहीत नाही. आणि जे माहीत नसतं ते माणूस मनात फार मोठं करून ठेवतो.

सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक मुलगा आला होता, असाच, नोव्हेंबरात. मी त्याला म्हटलं, होईल हळूहळू, घाबरू नको. मला वाटलं धीर दिला. त्याने घरी काही सांगितलं नाही, मीही सांग म्हटलं नाही. फेब्रुवारीत तो गावी निघून गेला, परीक्षेलाही आला नाही. वडील कॉलेजात आले तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, "मॅडम, आम्हाले काहून नाही सांगितलं कोणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी आधी विचारते, घरी माहीत आहे का?

तर सांगायचं, पण फोनवर नाही आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाही. बागेचा सौदा व्हायचा असेल, व्यापारी येणार असेल, तर तो येऊन जाऊ दे. पाडव्यानंतर एखाद्या सकाळी बाबांसोबत बागेत जा. चालता चालता बोलणं सोपं जातं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. तुझा तो समासात अक्षरं लिहिलेला पेपर सोबत असू दे. सुरुवात 'मला आर्ट्स घ्यायचंय' अशी करू नकोस. ते ऐकलं की बाबांना पुढचं काही ऐकू येणार नाही. सुरुवात मार्कांपासून कर, खरे आकडे सांगून. बायोला इतके, फिजिक्सला इतके. मग का पडले ते सांग: मी उशिरा आलो, गणित सोडलं, इथे इथे अडतो. मग काय करणार ते सांग. आणि शेवटी काय हवंय ते माग: डिसेंबरच्या मध्यापर्यंत सहा आठवडे द्या, मग आपण दोघं मिळून ठरवू.

ते रागावतील? रागावू शकतात. मार्कांपेक्षा पाच महिने लपवल्याचा राग जास्त असेल, तो सहन करावा लागेल. पण बाबा शेतकरी आहेत. पाऊस दडी मारतो, उगवलेलं जळतं, तेव्हा दुबार पेरणी करावी लागते हे त्यांना मी सांगायला नको, तू सांगायला नको. दुबार पेरणीला घरातल्या सगळ्यांना खर्च माहीत असतो. तसाच हा खर्चही त्यांना माहीत असू दे. बाबांशी बोलायची अगदीच भीती वाटत असेल तर आधी आईशी बोल, पण आईला निरोप्या करू नकोस. ती सोबत असू दे, सांग तूच.

पैशांचं विचारतील, आणि विचारायलाच हवं. फीची पावती आणि प्रवेशाच्या वेळी सही केलेला नियमांचा कागद बाबांसमोर ठेव. मी वर ज्या २०२४च्या सूचना सांगितल्या त्यात असंही आहे की मुलाने कोर्स मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. त्या सूचना आहेत, त्यामुळे नुसतं तोंडी मागून कोणी पैसे काढून देईल असं समजू नका. सोडायची वेळ आलीच तर लेखी अर्ज द्यायचा, त्यात त्या सूचनांचा उल्लेख करायचा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची. पण आज तो विषय नाही. आज एवढंच बघायचं की दुसरा हप्ता जानेवारीत आहे आणि तुझी मोजणी डिसेंबरात पुरी होते. म्हणजे निर्णय हप्त्याच्या आधी येतो. इतर मागासवर्ग, भटक्या विमुक्त जाती किंवा विशेष मागास प्रवर्गात असाल तर नागपूरचीच महाज्योती संस्था नीटचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. यंदाच्या अर्जाची मुदत तिच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

थोडक्यात, घरी असताना दोनच कामं: तीन पेपरांची मोजणी, आणि बागेतलं बोलणं. फराळ, फटाके, मित्र, झोप, हे सगळं बाकीच्या वेळात मनसोक्त.

आता तो दुसरा प्रश्न, सायन्स सोडायचं का. तो आज सोडवायचा नाही म्हटलं, पण तुझ्या डोक्यात काही गैरसमज असावेत असं वाटतं, ते दूर करते. एमपीएससीच्या राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. तिच्यासाठी अकरावीत आर्ट्स घ्यावंच लागतं असं अजिबात नाही. बारावी सायन्स करून बीएला जाता येतं, पाच वर्षांच्या लॉला जाता येतं. उलटं सहज होत नाही. बारावी आर्ट्स करून मेडिकल, फार्मसी, इंजिनिअरिंगकडे थेट परत येता येत नाही.

पण 'सायन्स घे, सगळी दारं उघडी राहतात' हे वाक्यही मला फारसं आवडत नाही. दारं उघडी ठेवायला दोन वर्षं रोज रडत बसावं लागत असेल तर ती फार महाग पडतात. तुला इतिहास, राज्यशास्त्र, मराठी वाचायला मनापासून आवडत असेल, तर आर्ट्स हा चांगला आणि मानाचा रस्ता आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, तिथे पानं भरून विचार मांडता यावे लागतात. ते सोपं म्हणून घ्यायचं काम नाही. फिजिक्सला घाबरून जो आर्ट्सला जातो, त्याला तिथेही पहिल्या कठीण पुस्तकाला तीच भीती गाठते.

आणखी एक. अकरावीत मागे पडलो म्हणजे सगळं गेलं, असं समजू नकोस. अकरावीचे मार्क बारावीच्या निकालात धरत नाहीत. करोनामुळे २०२१ साली धरले होते, तेवढंच. एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, अकरावीचा भाग २० टक्के असतो, बारावीचा ८० टक्के, आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. नीटमध्ये मात्र दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो, म्हणून तिथे हे आत्ताचं काम टाळता येणार नाही.

आणि पीसीबी म्हणजे फक्त एमबीबीएस नव्हे. नीटच्याच मार्कांवर पशुवैद्यकाला प्रवेश मिळतो आणि ते कॉलेज आपल्या नागपुरातच आहे. सीईटीवरून बीफार्म होतं, कृषी पदवी होते. तुझ्या घरी संत्र्याची बाग आहे म्हणून मुद्दाम सांगते, अमरावती रोडवर केंद्र सरकारची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे. संत्र्याची फळगळ का होते, कोळशी का येते, रोप कोणत्या खुंटावर बांधायचं, यावर तिथे शास्त्रज्ञ काम करतात. तू डॉक्टर होऊ नकोस असं माझं म्हणणं नाही. पण बायोला १९६ पाडणारा बागाईतदाराचा मुलगा हे दार बघतही नाही, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

कशावर काय ठरेल तेही सांगते. सहा आठवड्यांनी 'ग' आणि 'भा' कमी झाले आणि फिजिक्स ३५-४०च्या घरात आलं, तर सायन्स ठेव, नीटचंही ठेव, रँक बघू नकोस. मार्क फार वाढले नाहीत, पण अडलेलं सुटल्याचा आनंद व्हायला लागला, तरी ठेव, वेळ लागेल. मोजणीत 'क'च 'क' निघाले, मन लावूनही तसेच राहिले आणि पुस्तक उघडायलाच नको वाटायला लागलं, तर सीईटीचा, कृषीचा, नाहीतर आर्ट्सचा विचार मोकळ्या मनाने करायचा, आणि त्यात हरणं काही नाही. शाखा बदलायची झाली तर कॉलेजच्या ऑफिसात मुदत आणि लागणारे कागद आधी विचारून ठेव, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नकोस. घरी कर्ज असेल, धाकटी भावंडं शिकत असतील, तर दुसऱ्या हप्त्याचं गणित वेगळं होईल. ते तुझ्या बाबांनाच ठाऊक. आणि मेडिकलला जायचं हे मुळात तुझं होतं की दहावीच्या टक्क्यांनी ठरवलं, हे तुझं तुलाच ठाऊक. यावर मी बाहेरून बोलणार नाही.

क्लासमधल्या फिजिक्सच्या सरांना एकदा भेट. वर्गात नाही, तास संपल्यावर. 'मला काही समजत नाही' असं म्हणू नकोस, त्यावर कोणत्याच मास्तराला काही करता येत नाही. वहीतली एक ओळ दाखव आणि विचार, सर, इथून इथे कसे आलो? असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला वेळ न देणारा शिक्षक मी क्वचितच पाहिलाय. त्यांनी नाहीच दिला, तर तुझ्या कॉलेजातल्या सरांकडे जा. तेही नाही तर रूममधल्या मित्रांपैकी कोणी पीसीएमचा असेल त्याच्याकडून रोज अर्धा तास गणित शिक, त्याला बायो शिकव.

दिवाळीहून परत आलास की तुझी मोजणी इथे लिही. किती 'भा', किती 'ग', किती 'क', किती 'घ', आणि त्या टेस्टला ४५ पैकी किती सोडवले होतेस. बाबा काय म्हणाले तेही, सांगावंसं वाटलं तर. आकडे समोर आले की पुढच्या तीन आठवड्यांत कोणतं प्रकरण आधी आणि कोणतं नंतर, ते मी तुला लिहून देईन.